तळहातावरचा फोड

दुकानात मला निळा रंग आवडला. साधासुधा निळा नव्हे. उन्हात धरला तर मोरपिसासारखा आणि सावलीत शाईच्या दौतीसारखा दिसणारा. त्या निळ्यापायी आम्ही दोन दुकानं पालथी घातली, कारण पहिल्या दुकानात फक्त काळा शिल्लक होता. दुसऱ्या दुकानातल्या मुलानं खोक्यातून तो निळा फोन काढून माझ्या हातात ठेवला. मी उलटसुलट करून पाहिला, बायकोनं पाहिला आणि कधी नव्हे ते आमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. हा सोहळा साधारण चार मिनिटं चालला. तो रंग मी उघड्या डोळ्यांनी पाहिला तो तेवढाच. पाचव्या मिनिटाला मुलगा म्हणाला, “कव्हर कुठलं दाखवू, काका?”

(दुकानात शिरताना मी ‘सर’ होतो. पैसे भरल्यावर ‘काका’ झालो. असो.)

रंग दिसला पाहिजे, ही माझी एकच अट होती. “मग ट्रान्सपरंट घ्या,” मुलगा म्हणाला. घेतलं. पारदर्शक कव्हरचं मऊ प्लास्टिक ऊन आणि उष्णता खाऊन खाऊन पिवळं पडत जातं, हे त्यानं सांगितलं नाही. दिवाळीत घेतलेल्या फोनचं कव्हर गुढीपाडव्यापर्यंत हळदीला लागलं. निळ्यावर पिवळा चढला की काय होतं, हे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा. ऑफिसात माझा फोन एकदा जेवणाच्या टेबलावर राहिला, तेव्हा शिपायानं तो उंच धरून विचारलं, “हा हिरवा कुणाचा?” मी गप्प बसलो. माझा निळा होता.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, घराण्याचा आहे. आमच्याकडे वस्तू वापरायच्या आधी झाकतात. मिक्सरला झालरीचं कव्हर, फ्रिजला वरून खिशांचं कव्हर, सोफ्याला एक कव्हर आणि ते मळू नये म्हणून त्यावर रोजचं दुसरं. पाहुणे आले की वरचं काढायचं. खालचंही काढावं इतक्या तोलामोलाचा पाहुणा अजून आमच्याकडे आलेला नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, तिला दोन्ही टोकांना रबरबँड. लहानपणी जूनमध्ये नवी पुस्तकं आली की वास घेण्याआधी त्यांना खाकी कागद चढायचा. मग वर्षभर भूगोल आणि इतिहास सारखेच दिसायचे. परीक्षेतही मला ते तसेच दिसले.

घरात पहिला फोन आला तेव्हाही तेच. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर आलेलं ते काळं यंत्र. त्याला आईनं क्रोशाचा रुमाल विणला. वडिलांनी डायलला छोटं कुलूप घातलं. त्या काळी फोनला धोका पाण्याचा किंवा फरशीचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता. पुढे मला शोध लागला, की डायल न फिरवता रिसीव्हरखालची खिटी ठरावीक लयीत टकटक दाबली तरी नंबर लागतो. वडील शेवटपर्यंत बिलाबद्दल टेलिफोन खात्यालाच दोष देत राहिले.

आता घरात माणशी एक फोन आहे आणि माणशी एक तत्त्वज्ञान.

आईनं जुन्या खणाच्या कापडाची चेनवाली पिशवी शिवली आहे. फोन आधी प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट खणाच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये आणि पर्स भाजीच्या मोठ्या पिशवीत तळाशी, वर कोथिंबीर. फोन वाजला की उत्खनन सुरू होतं. चेन उघडेपर्यंत घंटी थांबते. मग ती निवांत बसून, चष्मा लावून, उलटा फोन करते आणि समोरच्याला विचारते, “एवढी काय घाई होती?” आईचा फोन पाच वर्षांत एकदाही पडलेला नाही आणि एकदाही वेळेवर उचललेला नाही.

चिरंजीव दुसऱ्या टोकाला. त्याच्या फोनला कव्हर नाही, ग्लास नाही, आणि पडद्यावर डाव्या कोपऱ्यातून निघालेल्या भेगा कृष्णेच्या खोऱ्याच्या नकाशासारख्या पसरलेल्या. त्यावर सेलोटेप. बोटाला काच लागेल म्हटलं तर म्हणतो, “चालतोय ना बाबा?” फोन वापरण्यासाठी असतो असा त्याचा समज आहे.

बायकोचं सगळं स्वयंपाकघरात चालतं. कणकेत हात असताना माहेरचा फोन आला, की ती तो नाकानं उचलते. हल्लीच्या पडद्याला बोट कळत नाही. विजेच्या दृष्टीनं जिवंत असं काहीतरी टेकलं, एवढंच कळतं. त्यामुळे नाक चालतं, कोपर चालतं आणि कणकेचा ओला गोळाही चालतो. एकदा त्या गोळ्यानं आपण होऊन माझ्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. साहेबांनी बराच वेळ आमचं छत पाहिलं.

राहिलो मी. ‘तळहाताच्या फोडासारखं जपणं’ हा वाक्प्रचार ज्यानं काढला, त्याला मोबाइल दिसला असला पाहिजे. ही वस्तू तळहातावरच असते, सतत ठसठसते आणि फुटली की डोळ्यांत पाणी येतं.

ती पहिल्यांदा फुटता फुटता वाचली त्या क्षणाचं वर्णन करतो. फोन हातातून निसटला. एक मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही, पण तेवढ्यात माणूस काय काय करतो! मी आधी हवेत तीन झेल घेतले, तिन्ही सुटले. मग फरशीचा मार कमी बसावा म्हणून पाय पुढे केला आणि नुसता पडणारा फोन लाथाडून थेट शोकेसखाली पाठवला. पालथा. तो पालथाच पडतो. ज्या वर्षी ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल लावला, त्याच १९९५ साली रॉबर्ट मॅथ्यूज या इंग्रज गृहस्थानं टेबलावरून घसरलेला टोस्ट लोण्याच्या बाजूवरच का पडतो, याचं गणित मांडून शोधनिबंध छापला. दुसऱ्या वर्षी त्याबद्दल त्याला इग्नोबेल मिळालं. गणित असं, की काठावरून घसरलेली वस्तू गिरकी घेत पडते, पण टेबलाच्या उंचीवरून पुरी गिरकी घ्यायला तिला सवड मिळत नाही. अर्धी होते आणि जमीन येते. आपण फोन खालच्या अंगाला धरतो, तो बोटांवरून घसरतो आणि हाच हिशेब त्याला लागू पडतो. म्हणजे उपाय सोपा आहे. फोन दुप्पट उंच माणसानं वापरावा, किंवा मुळात पालथा धरावा.

खरा उपाय आमच्या आजोळी होता. शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर कुठलाही फोन फुटला नसता. पण जमीन होती तेव्हा फोन नव्हते, आणि फोन आले तेव्हा मामानं व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या होत्या.

पडल्यानंतरची शांतता फार वाईट. घरातले सगळे जिथल्या तिथे थांबतात. पालथा फोन कुणी उचलत नाही. मग ज्याचा त्यालाच वाकावं लागतं आणि तो पत्त्यातल्या शेवटच्या पानासारखा कडेनं हळूहळू उचलावा लागतो. माझा उचलला. पडद्यावर भलंमोठं जाळं! मी मटकन खाली बसलो. चिरंजीव जवळ आला, नखानं वरची काच सोलली आणि म्हणाला, “टेम्पर्ड फुटलीय बाबा. फोन ठीक आहे.” आई म्हणाली, “दृष्ट होती, गेली.”

तेव्हापासून टेम्पर्ड ग्लास ही माझ्या लेखी लिंबू-मिरचीच्या जातीची वस्तू आहे. तिनं दुसऱ्यावरचं संकट अंगावर घ्यायचं आणि फुटायचं. नवी लावायला मी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळ गेलो. तिथल्या एका टपरीवर चष्म्याच्या दोरीएवढ्या जागेत एक मुलगा बसलेला असतो आणि त्याच्या हाताला शल्यविशारदाची सफाई असते. आधी ओला रुमाल, मग कोरडा, मग धूळ टिपायला चिकटपट्टी. श्वास रोखून काच सोडली की मधोमधून तिचा काळसर ओघळ कडांकडे धावतो आणि बघणारे चार लोकही सुटकेचा श्वास सोडतात. एका कोपऱ्यात बुडबुडा राहतोच. “दोन दिवसांत आपोआप जाईल.” तो बुडबुडा नंतर माझ्याबरोबर सव्वा वर्ष होता.

“कुठली लावू? नाइन डी, इलेव्हन डी, ट्वेंटी वन डी?”

आपण राहतो त्या जगाच्या लांबी, रुंदी, उंची या तीन मिती. आइन्स्टाइनच्या मागे लागून फार तर काळ ही चौथी. भौतिकशास्त्रातल्या एम-सिद्धान्ताला अकरा लागतात आणि त्या सापडत नाहीत म्हणून मोठमोठे लोक हैराण आहेत. इथे शंभर रुपयांत अकरा मिळत होत्या, बसवण्यासकट. मी अकरा घेतल्या. एकवीस मला झेपल्या नसत्या.

पाकिटावर ‘९ एच’ असंही छापलेलं असतं. हिरा दहा, तर ही नऊ, असा माझा कित्येक वर्षं गोड समज होता. हिऱ्याला दहा गुण देणारी मोजपट्टी मोहस नावाच्या खनिजतज्ज्ञाची, आणि हा ‘एच’ शिसपेन्सिलीचा. ड्रॉइंगच्या वर्गात एचबी, टू एच असायच्या ना, त्यातला. म्हणजे ९ एचच्या पेन्सिलीनं हिच्यावर रेघ उठत नाही, एवढीच ग्वाही. आता फोनवर पेन्सिलीनं लिहायचं माझ्या कधी मनात नव्हतं. टपरीवाला मुलगा काचेवर खर्रखर्र किल्ली ओढून दाखवतो तेव्हा आपण चकित होतो, पण किल्ल्यांचा धातू मोहसच्या मोजपट्टीवर काचेहून मऊच असतो. काचेचा खरा वैरी म्हणजे वाळू. तिच्यातलं क्वार्ट्झ मोहसच्या सातवर बसतं, काच सहाच्या आसपास. खिशाच्या कोपऱ्यात, शिवणीत, जे काही मातकट साठलेलं असतं, ते रोज फोनला पॉलिश करत असतं, उलट्या दिशेनं.

मुळातली काचही काही लेचीपेची नसते. ती सुमारे ४०० अंशांना वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर पोटॅशियमचे थोराड आयन घुसून बसतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्यानं ‘जरा सरका’ म्हणून बूड टेकल्यावर जशी घट्ट, अभेद्य स्थिती होते, तशी काचेच्या पृष्ठभागाची होते. भेगेला शिरायला फटच उरत नाही. तरीही फुटते. लोकलमध्येही भांडणं होतातच.

लोकलवरून डोंबिवलीचा मावसभाऊ आठवला. माझ्या या सगळ्या खटाटोपाला तो हसतो. “तुमच्या पुण्यात फोन पडतो, आमच्याकडे पाडतात,” असं त्याचं म्हणणं. दारात उभं राहून बोलणाऱ्याच्या हातावर रुळांशेजारून काठीचा फटका बसतो, फोन खाली आणि गाडी पुढे. ११ डी तिथे काय करणार? तो फोन गळ्यात दोरीनं अडकवतो, वर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवतो. पुढे त्याचं पाकीटच मारलं गेलं, ही गोष्ट वेगळी.

पुण्याचा धोका खड्ड्यांचा. मी स्कूटरच्या हँडलला फोन अडकवायचा पाळणा बसवला होता. मग वाचलं, की मोटरसायकलच्या इंजिनची थरथर कॅमेऱ्यातल्या भिंगाची स्थिरता राखणारी नाजूक रचना बिघडवू शकते, असं खुद्द ॲपलनं २०२१ मध्ये बजावलं होतं. ती नुसत्या इंजिनची गोष्ट. आमचा रस्ता त्यांनी पाहिलेला नाही. पाळणा काढला, फोन शर्टाच्या खिशात आला. पावसाळ्यासाठी दुधाची पिशवी. ती उलटी करून धुवायची, स्वयंपाकघराच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची आणि फोनला चढवायची. बाजारात दोनशे रुपयांना मिळणाऱ्या पाऊचपेक्षा हे उत्तम चालतं, बोटंही ओळखली जातात. फक्त दोन-तीन दिवसांनी प्रत्येक संभाषणाला ताकाचा वास येऊ लागतो.

आणि शर्टाच्या खिशानंच घात केला. रविवारी सकाळी कपड्यांची बादली उचलायला वाकलो. वाकलेल्या माणसाच्या वरच्या खिशातली वस्तू किती सहज निघून जाते! दिवाळीच्या बोनसप्रमाणे. ‘डुब्’ एवढाच आवाज आला. मी खरं तर घाबरायला नको होतं. दुकानातला मुलगा म्हणाला होता, “हा आयपी ६७ आहे. पाण्यात टाका, काही होत नाही.” ६७ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालेल. बादली एक मीटर खोल नव्हती आणि फोन आत दहा सेकंदही नव्हता. पण ती परीक्षा स्वच्छ, स्थिर, साध्या पाण्यात घेतात, आणि नव्या फोनची घेतात. आमच्या बादलीत साबण होता, चिरंजीवाचे मोजे होते, आणि फोन तोवर चार वेळा आपटून झाला होता.

पुढे जे घडलं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात घडतं. कुणीतरी ओरडलं, “तांदळात घाला!” डबा निघाला. त्यावरून वाद झाला, कारण डब्यात इंद्रायणी होता. ओल्या फोनसाठी इंद्रायणी कशाला, रेशनचा काढा, असं आईचं मत. रेशनच्या तांदळात खडे असतात, असं माझं. शेवटी इंद्रायणीच्या डब्यात फोन पुरला आणि दोन दिवस घरात भात झाला नाही, कारण “मोज्यांचं पाणी प्यायलेला तांदूळ” रांधायला आई तयार नव्हती. दुसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला डब्यातून अंधुक घंटी ऐकू आली. साहेब होते. मी डबा कानाला लावला.

तांदूळ पाणी ओढून घेतो ही आपली श्रद्धा. ॲपलनं २०२४ च्या जानेवारीत लोकांना उलट सांगितलं, की ओला फोन तांदळात घालू नका, त्यातला बारीक भुगा आत जाऊन नुकसान होतं. झटका, तोंड खाली करून वाऱ्याला ठेवा, पुरे. हे मला नंतर समजलं. दोन महिन्यांनी फोन चार्ज होईना म्हणून टपरीवर नेला, तर मुलानं चार्जिंगच्या भोकात चिमटा घालून एक कणी बाहेर काढली. तळहातावर ठेवून निरखली. “काका,” तो गंभीरपणे म्हणाला, “फोन भात खातो का तुमचा?”

मधल्या काळात मी रीतसर सर्व्हिस सेंटरलाही जाऊन आलो होतो. तिथल्या मुलीनं सिमचा खण बाहेर ओढला आणि आत बॅटरी मारली. आत एक पांढरा ठिपका असतो, तो पाणी लागलं की लाल होतो. आमचा कुंकवासारखा लाल झाला होता.

“पाणी गेलंय, सर. वॉरंटीत नाही बसत.”

“पण पाण्यानं काही होत नाही म्हणून तर घेतला.”

“हो सर, पाण्यानं काही होत नाही. झालं तर वॉरंटीत नाही बसत.”

या वाक्यात काय चूक आहे ते मी अजून शोधतो आहे.

फोन नंतर चालला. आवाज थोडा सर्दी झाल्यासारखा येई, पण त्याच काळात आमच्या बहुतेक नातेवाइकांची वयं अशी होती की तो त्यांचाच वाटे. मी मात्र धडा घेतला आणि पिवळ्या कव्हरवर चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाचं झाकणाचं आणखी एक कव्हर घेतलं, डायरीसारखं उघडणारं. फोन आता एवढा जाड झाला की वरच्या खिशात जाईना. एक पाऊच घेऊन कमरेला लावला. बायको म्हणाली, “एसटीचे कंडक्टर वाटता.”

साडेतीन वर्षांनी बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, तेव्हा एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरलं. मुलगा घरी आला. त्यानं आपल्या फोनवर प्रश्नांची यादी उघडली. चालू होतो? होतो. पडदा? एकही ओरखडा नाही, मी अभिमानानं म्हणालो. आईनं माळ्यावरून खोकं आणलं, आतल्या चार्जरवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. मुलगा जरा भारावला. “काका, असा वापरलेला फोन मी पाहिला नाही.”

“आता कव्हर काढा,” तो म्हणाला. पाऊच सुटला, डायरी सुटली. पिवळं कव्हर काही केल्या निघेना, ते फोनला साल असल्यासारखं चिकटलं होतं. शेवटी आईच्या अंबाड्यातली पिन कोपऱ्यात घालून उचकटलं. आम्ही सगळे पुढे वाकलो. साडेतीन वर्षांनी तो निळा दिसणार होता.

निळा होता. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत, पाट्यावर वाटण वाटावं तसे गोलगोल, बारीक, असंख्य ओरखडे होते. मोरपीस घासणीनं घासल्यासारखं दिसत होतं.

“बाहेरून काही लागलेलंच नाही,” मी म्हणालो.

“बाहेरून नाही काका. कव्हरमध्ये वाळू जाते ना, ती मधे अडकते. तीच घासत बसते.” त्यानं यादीत कुठेतरी बोट टेकवलं. “बॅक पॅनलचे दीड हजार वजा.”

चिरंजीवानं आपला भेगाळलेला फोन मागून उलटा करून पाहिला. मागची बाजू आरशासारखी होती. तो काही बोलला नाही, पण मला दिसेल अशी धरून ठेवली.

मुलगा खोकं, चार्जर, फोन घेऊन उठला. “कव्हर पण देता?” त्यानं विचारलं.

“ते कशाला?” आई म्हणाली. “चांगलं आहे अजून.” तिनं ते नळाखाली धुतलं आणि गॅलरीत दोरीला चिमटा लावून वाळत घातलं. “रिमोटला बसतं का बघू.”

“रिमोटला आहे की कव्हर,” बायको म्हणाली.

“त्याच्यावरनं.”